रिपोर्टात ब्लास्टोसिस्टिस आलं, आता औषध नेमकं कशाला द्यायचं?

इंदिरानगरच्या एका गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा. वय ३६. सात-आठ महिने पोट फुगतं, दुपारनंतर गुबारा धरतो, आठवड्यातून दोन-तीनदा पातळ किंवा चिकट होतं. स्टूल टेस्टमध्ये ‘ब्लास्टोसिस्टिस होमिनिस दिसले, एन्टामीबा कोलायच्या सिस्ट तुरळक’ असं आलं. (ब्लास्टोसिस्टिस हा आतड्यात राहणारा एकपेशीय जीव, आणि सिस्ट म्हणजे अशा जीवाचं कवचातलं रूप.) ऑफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडाझोलचे दोन कोर्स झाले. दोन्ही वेळा पंधरा दिवस बरं वाटलं, मग पोटही पुन्हा तसंच आणि रिपोर्टही तसाच. मग त्यांनी किट मागवून आतड्यातल्या जिवाणूंची तपासणी करून घेतली, तर तिथे हेच ब्लास्टोसिस्टिस ‘चांगल्या आरोग्याशी निगडित’ म्हणून हिरव्या रंगात छापलेलं! आता ते विचारतात की हा परजीवी मारायचा की पाळायचा, जिवाणूंशी त्याचं नेमकं काय चालतं, आणि घरात ४ वर्षांची मुलगी आहे, तिचीही टेस्ट करून घ्यायची का.

मी मायक्रोबायोलॉजिस्ट आहे, नाशिकमध्येच. लोकांचे शौचाचे नमुने मायक्रोस्कोपखाली पाहणं हा माझा रोजचा धंदा. औषध लिहून देणं माझं काम नाही, तेव्हा हे वाचून तुमच्या डॉक्टरांशी बोला. पण रिपोर्टावर एखादं नाव कसं येतं आणि त्याला किती किंमत द्यायची, हे मी सांगू शकते. मारायचं की पाळायचं, हा तुमचा खरा प्रश्न नाहीच. पोट बिघडलंय ते या जीवामुळे, की तो तिथे नुसता राहतोय, हा खरा प्रश्न आहे. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं.

हे मत कशाने बदलेल, ते आधी सांगते. शौचात रक्त किंवा आव पडत असेल, ताप असेल, न ठरवता वजन उतरत असेल, रात्री झोपेतून उठून संडासला धावावं लागत असेल, हिमोग्लोबिन घसरलं असेल, तर पुढचं सगळं बाजूला ठेवा आणि पोटविकारतज्ज्ञांकडे जा. केमोथेरपी, बरेच दिवसांचे स्टेरॉइड, एचआयव्ही, बदललेली किडनी यांतलं काही असेल तरीही हिशेब वेगळा, कारण निरोगी माणसात गप्प बसणारे जीव तिथे गप्प बसतीलच असं नाही. तुमच्या रिपोर्टात पस सेल १-२, लाल पेशी नाहीत, ऑकल्ट ब्लड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं रक्त, निगेटिव्ह. वजनही स्थिर आहे असं तुम्ही लिहिलंय. म्हणून मी निवांतपणे लिहितेय.

आता रिपोर्टातली नावं. एन्टामीबा कोलाय हा निरुपद्रवी अमीबा आहे. काही ठिकाणी तो नुसता ‘ई. कोलाय’ असा छापतात आणि पेशंटला वाटतं की मूत्रमार्गाच्या इन्फेक्शनवाला जिवाणू सापडला. त्याच्यावर औषध नसतं, लागतही नाही. तो सापडल्याचा अर्थ एवढाच, की कधीतरी पाण्यातून किंवा हातातून दुसऱ्याच्या शौचाचा अंश पोटात गेला होता. हा निरोप महत्त्वाचा आहे, पण तो स्वच्छतेबद्दलचा आहे.

खरी भीती एन्टामीबा हिस्टोलिटिकाची. आमांश करणारा आणि यकृतात गळू करणारा तो हाच. गोम अशी, की मायक्रोस्कोपखाली त्याच्यासारखाच हुबेहूब दिसणारा एन्टामीबा डिस्पार नावाचा निरुपद्रवी भाऊ आहे. एमिल ब्रुम्प्ट या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२५ मध्येच म्हटलं होतं की या दोन वेगळ्या जाती आहेत. लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही. १९९३ मध्ये डायमंड आणि क्लार्क यांनी त्या रीतसर वेगळ्या केल्या आणि १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मेक्सिको सिटीतल्या तज्ज्ञ-बैठकीने सांगितलं की हिस्टोलिटिका सापडला तर लक्षणं नसली तरी उपचार करा, नुसता डिस्पार असेल तर करू नका. म्हणजे चार केंद्रकांची सिस्ट पाहून मी ‘हिस्टोलिटिका’ असं ठामपणे लिहू शकत नाही. हलणाऱ्या अमीबाच्या पोटात गिळलेल्या लाल पेशी दिसल्या तरच तसं म्हणायला जागा आहे. एरवी अँटिजेन टेस्ट किंवा पीसीआर लागते. शिवाय पातळ नमुना अर्ध्या तासात पाहिला नाही तर अमीबा मरून जातो, आणि आतड्यातल्या आपल्याच मॅक्रोफेज पेशींना घाईघाईत अमीबा समजण्याचे प्रकारही होतात. सकाळी घेतलेला नमुना डबीत ठेवून दुपारी लॅबला पोचवला असेल, तर त्या रिपोर्टाकडे थोडं साशंकपणेच पाहा.

आता तुमचा मधला प्रश्न, जो मला सगळ्यात आवडला.

आतड्यातले हे प्रोटिस्ट, म्हणजे केंद्रक असलेले एकपेशीय जीव, एकटे कधीच राहत नाहीत. मोठ्या आतड्यात एका ग्रॅम मळात सुमारे १०० अब्ज जिवाणू असतात. त्या गर्दीत हे प्रोटिस्ट जिवाणू खातात, जिवाणूंनी बाहेर टाकलेली द्रव्यं वापरतात, स्वतः काही द्रव्यं सोडतात, आणि त्या सगळ्या देवघेवीचा परिणाम आपल्या आतड्याच्या अस्तरावर होतो. आपल्याकडे ही देवघेव पाहायला लांब जायला नको. दिंडोरी-निफाडच्या कुठल्याही गोठ्यातल्या बैलाच्या पहिल्या पोटात ती चालू असते. तिथल्या एका मिलिलिटर द्रवात दहा हजारांपासून दहा लाखांपर्यंत केसाळ प्रोटिस्ट असतात. ग्रुबी आणि देलाफों यांनी ते १८४३ मध्येच पाहिले होते. हे प्रोटिस्ट कडबा-गवत आंबवताना हायड्रोजन सोडतात. मिथेन करणारे सूक्ष्मजीव त्यांच्या अंगाला चिकटून, काही तर अंगाच्या आत राहून, तो हायड्रोजन लगेच वापरतात. हायड्रोजन साचला तर प्रोटिस्टचं आंबवणं मंदावतं, म्हणून या उचलीत त्याचाही फायदा. शिवाय हेच प्रोटिस्ट जिवाणूंना गिळून फस्तही करतात. एकाच पोटात भागीदारी आणि शिकार, दोन्ही.

माणसाच्या अमीबाबद्दल हे आधीपासून माहीत होतं, फक्त लक्षात घेतलं जात नव्हतं. बोएक आणि द्रबोलाव यांनी १९२५ मध्ये अमीबा नळीत वाढवला, तो जिवाणूंसह. जिवाणू पूर्ण काढून तो वाढवायला डायमंडना १९६१ उजाडावं लागलं. आणि माझ्या मते या विषयातला सगळ्यात बोलका प्रयोग १९५५ चा, फिलिप्स आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी पूर्ण निर्जंतुक वाढवलेल्या गिनीपिगांच्या आतड्यात हिस्टोलिटिका सोडला. रोग झाला नाही. मग नेहमीचे जिवाणू असलेल्या गिनीपिगांत तोच अमीबा सोडला, तर आतड्याला व्रण पडले. अमीबा एकच होता, बदलली होती ती सोबत.

ही सोबत नेमकं काय करते, ते अलीकडे कळायला लागलंय. इस्रायलमधल्या एका गटाने २०१८ मध्ये दाखवलं की आपली संरक्षक पेशी हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी जी जहाल द्रव्यं फेकते, त्यांतून अमीबा तगतो, जर त्याने आधी जिवंत एश्चेरिशिया कोलाय (तो खरा ‘ई. कोलाय’ जिवाणू) खाल्ले असतील तर. कारण त्या जिवाणूंकडून ऑक्झॅलोॲसिटेट हे द्रव्य मिळतं आणि ते पेरॉक्साइडशी थेट अभिक्रिया करून त्याची धार घालवतं. म्हणजे इथे जिवाणूचं द्रव्य अमीबाची ढाल झालं.

आणि हेच नातं उलट दिशेनेही चालतं. क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्स हा जिवाणू आपल्या पित्तातल्या आम्लांचं रूप बदलतो आणि डीऑक्सिकोलेट तयार करतो. २०२० च्या एका प्रयोगात, हा जिवाणू दिलेल्या उंदरांच्या अस्थिमज्जेत न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, घडवणाऱ्या पूर्वपेशी वाढल्या, आणि पुढे अमीबा सोडल्यावर आतड्यात न्यूट्रोफिल जास्त आले, इन्फेक्शन कमी झालं. नुसतं डीऑक्सिकोलेट देऊनही मज्जेत तसाच बदल दिसला. आतड्यातल्या जिवाणूने पित्ताचं एक द्रव्य बदलावं आणि त्याची वर्दी हाडाच्या मगजापर्यंत पोचावी, हे वाचलं तेव्हा मी तो भाग पुन्हा वाचला होता. बांगलादेशातल्या लहान मुलांच्या अभ्यासातही हिस्टोलिटिकामुळे जुलाब होणाऱ्या मुलांत प्रिव्होटेला कोप्री या जिवाणूचं प्रमाण जास्त आढळलं. कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे त्यावरून ठरत नाही, पण एकाच झोपडपट्टीत, एकाच पाण्यावर वाढणारी सगळी मुलं सारखी आजारी का पडत नाहीत, याचं निदान एक उत्तर तिकडे बोट दाखवतं.

आता उंदीर. ट्रायट्रायकोमोनास मस्क्युलिस नावाचा एक प्रोटिस्ट अनेक प्रयोगशाळांच्या उंदरांत गुपचूप राहत होता. २०१६ मध्ये कळलं की हा पाहुणा असला की आतड्याच्या अस्तरातल्या टफ्ट नावाच्या विरळ पेशी कितीतरी वाढतात. कशामुळे, ते २०१८ मध्ये उलगडलं. हा जीव तंतुमय अन्न आंबवून सक्सिनेट सोडतो. टफ्ट पेशींवर सक्सिनेट ओळखणारा ग्राहक असतो. त्याला सक्सिनेट लागलं की पेशी इंटरल्युकिन-२५ हे निरोप देणारं प्रथिन सोडते, त्याने खालच्या प्रतिकारपेशी जाग्या होतात, त्या इंटरल्युकिन-१३ सोडतात, आणि अस्तरात श्लेष्मा करणाऱ्या व टफ्ट पेशी वाढतात. थोडक्यात, आतडं त्या जीवाला पाहत नाही, त्याच्या टाकाऊ द्रव्याची चव घेतं. सक्सिनेट तर जिवाणूही सोडतात, त्यामुळे ही खूण एकट्या प्रोटिस्टची नाही.

मग हा पाहुणा चांगला की वाईट? त्याच उंदरांत तो साल्मोनेला या जुलाब करणाऱ्या जिवाणूपासून वाचवतो आणि तोच कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याची सूज, वाढवतो. २०२४ मध्ये त्याचाच भाऊबंद, ट्रायट्रायकोमोनास कॅस्पेरी, तपासला गेला, तर तो सक्सिनेट सोडतच नाही. अन्नातल्या तंतूंपेक्षा आतड्याच्या श्लेष्मल थरावर जगतो आणि प्रतिकारशक्तीला वेगळ्याच दिशेने ढकलतो. मायक्रोस्कोपखाली एका घराण्यातले दोघे, पण खाणं वेगळं, सोडलेलं द्रव्य वेगळं, म्हणून परिणामही वेगळा. हे सगळं उंदरांतलं आहे. ते तसंच माणसाला लावू नका, मीही लावत नाही. पण नाव एक असताना वागणूक दोन असू शकते, एवढं त्यातून नक्की घ्या. ब्लास्टोसिस्टिसची गोष्ट तशीच आहे.

त्याआधी जिआर्डिया या जुलाब करणाऱ्या एकपेशीय परजीवीबद्दल दोन शब्द, कारण तुमच्या रिपोर्टात तो नसला तरी तुमच्या लक्षणांत तो असू शकतो. तो लहान आतड्यात राहतो, तिथे जिवाणू कमी, पित्त भरपूर. लेवेनहुकने १६८१ मध्ये स्वतःच्याच जुलाबात जे हलणारे जीव पाहिले ते बहुधा हेच. सिंगर आणि नॅश यांनी २००० मध्ये दाखवलं की एकाच जातीचे पण वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेले उंदीर जिआर्डियाला कमी-जास्त बळी पडतात, आणि फरक त्यांच्या नेहमीच्या जिवाणूंमुळे असतो. नळीत केलेल्या प्रयोगांत लॅक्टोबॅसिलस जॉन्सोनीचा एक वाण जिआर्डियाला रोखतो, कारण त्याचं एन्झाइम पित्तक्षार फोडून असं रूप देतं जे जिआर्डियाला मानवत नाही. दह्याच्या जाहिरातींनी यावरून उड्या मारू नयेत. नळी म्हणजे पोट नव्हे.

आणि जिआर्डिया गेला तरी पोट लगेच ताळ्यावर येतं असं नाही. नॉर्वेतल्या बर्गेन शहरात २००४ मध्ये नळाच्या पाण्यातून जिआर्डियाची मोठी साथ आली. तीन वर्षांनी त्या लोकांपैकी ४६ टक्क्यांना इरिटेबल बॉवेलची, म्हणजे तपासणीत दोष न दिसता पोट बिघडत राहण्याची, लक्षणं होती. साथीत न सापडलेल्यांमध्ये हे प्रमाण १४ टक्के. जीव गेलेला, तक्रार मात्र राहिलेली. म्हणून लक्षणं आहेत म्हणजे परजीवी अजून आतच आहे, असं मी सहसा मानत नाही.

आता तुमचं ब्लास्टोसिस्टिस. अलेक्सेयेफने १९११ मध्ये त्याला हे नाव दिलं, ब्रुम्प्टने पुढच्या वर्षी होमिनिस जोडलं. स्लाइडवर तो गोल दिसतो, मधे मोठी पोकळी आणि केंद्रकं कडेला ढकललेली. बरेच दिवस त्याला यीस्ट समजत होते. तो ज्या घराण्यातला आहे त्यात समुद्रातले तपकिरी शेवाळही येतात, अमीबा नाहीत. ऑक्सिजन नसलेल्या आतड्यात राहता यावं म्हणून त्याने चक्क जिवाणूंची जनुकं घेतलीयत. २०१७ च्या एका अभ्यासानुसार त्याची सुमारे अडीच टक्के जनुकं अशी उसनी आहेत. म्हणजे त्याचं चयापचय बरंचसं शेजाऱ्यांसारखं झालेलं. हे लक्षात ठेवा, औषधाच्या वेळी लागेल.

त्याचे बरेच उपप्रकार आहेत. माणसांत मुख्यतः एसटी-१ ते एसटी-४ (एसटी म्हणजे सबटाइप, उपप्रकार), त्यांतही एसटी-३ जगभर जास्त. सिंगापूरच्या एका गटाने २०१९ मध्ये दाखवलं की एसटी-७ च्या सान्निध्यात बायफिडोबॅक्टेरियम लाँगमसारखे उपयोगी जिवाणू घटतात. एसटी-७ मुळात पक्ष्यांत जास्त, माणसात क्वचित. उलट एसटी-४ दिलेल्या उंदरांत कोलायटिस सौम्य झाला आणि आतड्याला पोसणारी शॉर्ट चेन फॅटी ॲसिडं वाढली. तुमच्या दोन्ही रिपोर्टांत उपप्रकार लिहिलेला नाही. नेहमीच्या स्टूल टेस्टमध्ये तो कळतही नाही, मायक्रोस्कोपखाली सगळे सारखेच दिसतात.

तुमच्या किटवाल्या रिपोर्टातली हिरवी चौकट बहुधा २०२४ च्या ‘सेल’ नियतकालिकातल्या अभ्यासावरून आली असावी. ३२ देशांतल्या ५६,९८९ लोकांचे नमुने त्यात होते. ज्यांच्यात ब्लास्टोसिस्टिस होता त्यांचा आहार सरासरीने चांगला, वनस्पतीजन्य अन्न जास्त, लठ्ठपणा कमी, रक्तातली साखर-चरबीची मापंही बरी. सहा महिने आहार सुधारल्यावर हा जीव वाढल्याचंही दिसलं. अभ्यास मोठा आहे आणि मला तो पटतो. पण त्यावरून ‘हा जीव आरोग्य देतो’ असा निष्कर्ष काढणं घाईचं. मला दुसरा अर्थ जास्त संभवतो असं वाटतं. माणूस तंतुमय खातो, त्यावर जिवाणू ब्युटिरेट (एक शॉर्ट चेन फॅटी ॲसिड) करतात, मोठ्या आतड्याच्या पेशी ते ब्युटिरेट जाळताना ऑक्सिजन वापरून टाकतात, त्यामुळे आतली पोकळी ऑक्सिजनविरहित राहते, आणि तिथे ब्लास्टोसिस्टिसचं बस्तान बसतं. आतड्याला सूज आली, पळापळीने जुलाब होऊ लागले, अँटिबायोटिक पडलं, की ही घडी विस्कटते आणि तो नाहीसा होतो. दुखऱ्या आतड्यात तो कमी आढळतो, याचं कारण हेही असू शकतं. म्हणजे तो वैद्य नसेल, नुसता चांगल्या घरातला भाडेकरू असेल.

आणि काही माणसांत तोच त्रास देत असेल ही शक्यता मी नाकारत नाही. बाकी सगळं तपासून झालंय, दुसरं काही सापडत नाही, नमुन्यात हा एकटाच भरपूर आहे आणि लक्षणं जात नाहीत, अशा वेळी डॉक्टर एकदा उपचार करून पाहतात. त्यात गैर काही नाही. तुमच्या बाबतीत ते दोनदा झालंय. तिसऱ्यांदा करण्याआधी थांबायला हवं, ते या औषधांच्या स्वभावामुळे.

मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल, ऑर्निडाझोल ही सगळी एका जातकुळीची. गोळी पोटात जाते तेव्हा ती निष्क्रिय असते. ज्या पेशीत ऑक्सिजनशिवाय ऊर्जा काढणारी यंत्रणा आहे, तिथे शिरल्यावर त्या पेशीचीच यंत्रणा तिला विषारी रूप देते. अमीबा, जिआर्डिया, ब्लास्टोसिस्टिस यांच्यात ती यंत्रणा आहे, म्हणून ते मरतात. आणि आतड्यातल्या ऑक्सिजन न सोसणाऱ्या जिवाणूंतही तीच आहे, म्हणून तेही मरतात. हे आधी कुणाला माहीत नव्हतं. औषध आलं ते ट्रायकोमोनास या योनीमार्गातल्या परजीवीसाठी. १९६२ मध्ये शिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये कळवलं की त्यासाठी मेट्रोनिडाझोल घेणाऱ्या एका बाईच्या हिरड्यांचे व्रणही बरे झाले. हिरड्यांत ट्रायकोमोनास नव्हता, तिथे जिवाणूच होते. तेव्हापासून ही गोळी दोन्हीकडची म्हणून ओळखली जाते. तुमच्या कॉम्बिनेशनमध्ये वर ऑफ्लॉक्सॅसिनही होतं, ते आणखी वेगळ्या जिवाणूंना झोडतं.

आता तुमचे ते बरे गेलेले पंधरा दिवस पाहा. गॅस कोण करतं? मुख्यतः जिवाणू, न पचलेले पदार्थ आंबवून. दोन औषधांनी त्यांची संख्या खाली आली, आंबवणं कमी झालं, पोट हलकं वाटलं. पंधरा दिवसांत ते परतले आणि गॅसही परतला. यात ब्लास्टोसिस्टिसची काही भूमिका मानायची गरजच पडत नाही. औषधाने बरं वाटलं म्हणजे परजीवीच कारण होता, हा तर्क इथे लंगडा पडतो, कारण गोळीने दोघांनाही मारलं होतं. डेन्मार्कमध्ये २०१४ साली पोटाच्या जुन्या तक्रारी असलेल्या आणि डायन्टामीबा फ्रॅजिलिस हा आतड्यातला आणखी एक एकपेशीय जीव सापडलेल्या मुलांवर चाचणी झाली. अर्ध्यांना मेट्रोनिडाझोल, अर्ध्यांना खोटी गोळी. लक्षणांत फरक पडला नाही. तो जीव ब्लास्टोसिस्टिस नव्हे हे मान्य, पण तर्क तोच होता आणि तो टिकला नाही.

शिवाय दर कोर्सला ब्युटिरेट करणारे जिवाणूही धारातीर्थी पडतात. तोंडाला लोखंडी चव, मळमळ हे तर आहेच, आणि वारंवार घेतलं तर हातापायांना मुंग्या येण्यापर्यंत जाऊ शकतं. नाशिककरांना आणखी एक सांगायला हवं. या गोळ्या चालू असताना आणि संपल्यावर निदान तीन दिवस दारू टाळा असं पाकिटावर लिहिलेलं असतं, त्यात वाइनही येते. ‘वाइन म्हणजे दारू नाही’ हे मी इथे अनेकदा ऐकलंय.

तर इथवरचं थोडक्यात: तुमच्या लक्षणांना ब्लास्टोसिस्टिस जबाबदार आहे असं तुमच्या कागदांवरून म्हणता येत नाही, नाही असंही शंभर टक्के म्हणता येत नाही, आणि ज्या औषधाने ते ठरवू पाहताय ते औषध हे ठरवायला निरुपयोगी आहे.

मग करायचं काय? तुमच्या जागी मी डॉक्टरांना ताज्या नमुन्यावर हिस्टोलिटिका आणि जिआर्डियाची अँटिजेन टेस्ट किंवा पीसीआर करूया का, असं विचारलं असतं. जिआर्डिया रोज बाहेर पडत नाही, त्यामुळे नुसता मायक्रोस्कोप असेल तर वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने. यांतलं काही आलं तर औषध घ्या, बिनधास्त घ्या, आणि हिस्टोलिटिका असेल तर आतड्यातल्या सिस्टसाठीचं दुसरं औषध, डायलॉक्सॅनाइडसारखं, विसरू नका. नुसत्या मेट्रोनिडाझोलने त्या नीट जात नाहीत. सोबत फीकल कॅल्प्रोटेक्टिन, म्हणजे आतड्याला खरोखर सूज आहे का ते कळेल. थायरॉइड आणि सीलिॲकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतडं बिघडण्याच्या आजाराची) रक्ततपासणीही. भाकरीच्या प्रदेशात सीलिॲक कुठला, असं समजू नका, पोळी आपण सगळेच खातो.

हे सगळं नॉर्मल आलं तर ताटाकडे वळा. दोन आठवडे दूध आणि दुधाचा चहा बंद करून पाहा. मोठेपणी दुधातली साखर न पचणं आपल्याकडे अगदी सर्रास आहे. दही-ताक सहसा चालतं. मग कडधान्यं. मटकी, वाटाणा, चवळी यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या पचवायचं एन्झाइम माणसाकडे नाही, त्या सरळ मोठ्या आतड्यात जातात आणि जिवाणू त्यांचा गॅस करतात. मोड आणल्यावर त्या कमी होतात, भिजवलेलं पाणी फेकल्यावर आणखी. मिसळ सोडा असं नाशिकमध्ये राहून मी म्हणणार नाही, पण रविवारी सकाळी दोन प्लेट मिसळ आणि सोमवारी पोट फुगलं, तर परजीवीवर आळ घेऊ नका.

तंतुमय खाणं वाढवायचंच आहे, पण एकदम नको. जिवाणूंच्या गर्दीतले कोण वाढणार आणि काय सोडणार, हे बरंचसं त्यांच्यापर्यंत काय पोचतं यावर ठरतं. दोन कोर्सनंतर तुमच्याकडे ब्युटिरेटवाले विरळ झाले असतील, तर अचानक पडलेला कोंडा आधी दुसरेच आंबवतील आणि तुम्ही म्हणाल, भाजी-भाकरीने त्रास वाढला. एक भाकरी, एक वाटी भाजी असं आठवड्याला थोडं थोडं वाढवा आणि दोन महिने द्या. प्रोबायोटिकच्या पाकिटाबद्दल मला फार उत्साह नाही. घ्यायचंच असेल तर घ्या, पण ब्लास्टोसिस्टिस काढायला म्हणून घेऊ नका. आणि दर महिन्याला स्टूल टेस्ट करून तो गेला का, हे बघत बसू नका. निरोगी लोकांतही तो सापडतो, गेला तरी पुन्हा येतो, आणि त्याच्या येण्याजाण्यावर तुमचं पोट ठरत नाही.

पाण्याचा निरोप मात्र ऐका. एन्टामीबा कोलाय सापडलाय म्हणजे मार्ग उघडा आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातलं पाणी गढूळ येतं, सोसायटीची टाकी वर्षातून एकदा तरी धुतली जाते का ते पाहा. सिस्टचं कवच दणकट असतं, नळाच्या पाण्यातल्या नेहमीच्या क्लोरीनने त्या खात्रीने मरत नाहीत. तुरटीने गाळ बसतो, सिस्ट मरत नाहीत. खळखळून एक मिनिट उकळलं की मरतात. शेतातून आणलेली कोथिंबीर, मेथी, काकडी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा.

राहिली मुलगी. ती खेळतेय, जेवतेय, तिची वाढ नीट होतेय, जुलाब नाहीत, तर टेस्ट करू नका. केलीत तर चार वर्षांच्या मुलीच्या नमुन्यात काहीतरी सापडण्याची शक्यता चांगलीच आहे, आणि एकदा कागदावर नाव आलं की घरात कुणालाच चैन पडत नाही, मग गोळी येते. पण तिला आठवड्याहून जास्त दिवस पातळ, तेलकट, घाण वासाचं होत असेल, पोट फुगून भूक मेली असेल किंवा वजन थांबलं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना भेटा आणि जिआर्डियाची टेस्ट नावानिशी मागा. तो सापडला तर तिला औषध द्यायलाच हवं, आणि तेव्हा तुमचाही नमुना पुन्हा आणा, कारण लहान मुलांकडून मोठ्यांकडे तो सहज येतो.